पाटी एक, पंगत वेगळी

राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपुष्टात आणली आणि १९५५ च्या कायद्याने शाळेत किंवा शाळेला जोडलेल्या वसतिगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. वर्गाचे दार अशा रीतीने उघडले. मधल्या सुट्टीत कोणाचा डबा कोणासमोर उघडावा, वनभोजनाचा शिधा कोणाच्या घरी रांधावा, निरोप समारंभाच्या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसावे, हे मात्र कायद्यात लिहिलेले नसते. शाळेतील भेदभावाचा इतिहास पाहिला तर तो बाकापेक्षा पाण्याच्या घागरीपाशी आणि पानापाशी अधिक चिवटपणे टिकून राहिलेला दिसतो. बारामती आणि इंदापूरसारख्या सधन तालुक्यांतील शाळांचा विचारही याच अंगाने करावा लागेल.

मुंबई इलाख्यात हा प्रश्न सरकारदरबारी गाजला तो १८५६ मध्ये. धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि सरकारी पैशावर चालणारी शाळा नेमकी कोणाची, असा पेच उभा राहिला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी तोवर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या. स्वतंत्र शाळा ही त्या काळातील मोठी सोय होती, पण तीच पुढे सबबही झाली. मुलांना त्यांची शाळा आहे, मग आमच्या शाळेत कशाला, असे म्हणणे त्यामुळे सोपे झाले. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले आणि १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश काढला. मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला तो त्यानंतर, ४ ऑगस्ट १९२३ रोजी. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे तो सांगत होता.

प्रवेश मिळाला म्हणजे सहवास मिळाला असे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मात्र त्यांच्या साताऱ्यातील शालेय दिवसांच्या आठवणींत बसायला घरून आणलेले गोणपाटाचे तुकडे आहे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय न मिळणारे पाणी आहे. हजेरीपटावर नाव होते. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती.

वसतिगृहांची कहाणी याहून बोलकी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्रथम सर्वांसाठी एक वसतिगृह चालवून पाहिले. ते साधले नाही, म्हणून पुढे समाजवार बोर्डिंगे निघाली. त्यांतून शेकडो मुले शिकली हे खरे, पण प्रत्येकाचा स्वयंपाक आपापल्या चुलीवर राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी त्यांचे चरित्रकार सांगतात, की १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर जैन बोर्डिंगमध्ये त्यांना आंघोळ करून मगच जेवायला येण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह काढताना त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकाच स्वयंपाकघरात कामाला लावले. भाकरी थापणारा कोण आणि खाणारा कोण, हा हिशेबच तिथे पुसला गेला. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते, भाषणांनी आणि ठरावांनी जे झाले नाही ते त्या एका चुलीने अधिक केले.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडावे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. दक्षिणेतील कित्येक लहान गावांत वर्ग यथावकाश एक झाले, पण शालान्त वर्षाचा नृत्यसमारंभ गोऱ्यांचा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा राहिला. जॉर्जिया राज्यातील विल्कॉक्स परगण्यात २०१३ मध्ये विद्यार्थिनींनीच पुढाकार घेऊन पहिला एकत्र समारंभ भरवला. शाळेने स्वतःचा समारंभ घेतला तो २०१४ मध्ये. इतकी वर्षे हे चालले कसे? शाळेने यजमानपद सोडले होते, समारंभ पालक खासगीरीत्या भरवत होते आणि त्यामुळे शाळांना लागू असलेला कायदा तिथवर पोहोचत नव्हता.

आपल्याकडे वेगळ्या समारंभाची गरजच पडत नाही, कारण वस्तीच वेगळी असते. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात गावठाण एकीकडे, बागायतदारांच्या शेतांवरील वस्त्या दुसरीकडे आणि पूर्वीचा महारवाडा, मांगवाडा तिसरीकडे, अशी रचना नवी नाही. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्या बदलता येतात, अंतर तसेच राहते. ज्यांच्याबरोबर मूल शाळेत चालत येते त्यांच्याबरोबरच ते डबा उघडते, हे कोणीही मुख्याध्यापक सांगेल.

या दोन तालुक्यांत आणखी एक रेषा आहे, ती उसाची. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात हंगामात बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांत वंजारी, बंजारा, दलित आणि इतर समाजांची कुटुंबे असतात. कोप्यांत राहणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आवारात २००० नंतरच्या दशकात साखरशाळा चालवल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि त्या नसत्या तर बरीच मुले फडातच राहिली असती. तरीही फुल्यांच्या काळातील पेच येथे पुन्हा उभा राहिला: वेगळी शाळा सोय करते आणि वेगळेपणही पक्के करते. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर स्थलांतरित मुलाला लगतच्या शाळेत वयानुरूप वर्गात घेणे बंधनकारक झाले. मूळ गावी राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांचीही योजना आली.

शाळेने यजमान व्हायचे ठरवले तर साधन हाताशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. हे सहज घडत नाही: उत्तराखंडातील सुखीढांग येथे डिसेंबर २०२१ मध्ये सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले होते. आपल्याकडे पंगत हजेरी क्रमांकाने बसवली आणि वनभोजनाचा शिधा घरोघरी न वाटता शाळेतच रांधला, तरी वाडी-वस्तीचे गट बरेचसे मोडतात. स्नेहसंमेलने बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. उसाचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो आणि कोप्यांतली मुले शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात.