आधी घर, मग गाव : ऑस्ट्रेलियाच्या नव्या उपनगरांतील वाट पाहण्याचा इतिहास (धागा)

१९५०च्या दशकातील सिडनी किंवा मेलबर्नच्या अगदी शेवटच्या टोकाचा बसथांबा. कामावर निघालेली माणसे चिखलाने माखलेले गमबूट थांब्याजवळच्या कुंपणापाशी काढून ठेवतात, पिशवीतले स्वच्छ बूट पायांत चढवतात आणि शहराकडे रवाना होतात. संध्याकाळी तेच गमबूट पुन्हा घालायचे आणि चिखल तुडवत घर गाठायचे. त्या पिढीच्या आठवणींत हे दृश्य वारंवार भेटते. घर नवे, स्वतःच्या मालकीचे, पण घरापर्यंत जाणारा रस्ता अजून व्हायचा असे.

ऑस्ट्रेलियन उपनगर म्हटले की आपल्यासमोर हिरवळ, लाल कौले, अंगणातली मोटार आणि काहीशी कंटाळवाणी सुबत्ता उभी राहते. हे चित्र खोटे नाही. पण ते वीस वर्षांनंतरचे चित्र आहे. वसाहत अगदी नवी असताना तेथे राहणे म्हणजे काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर बव्हंशी एका क्रियापदात सामावते : वाट पाहणे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मंदी आणि महायुद्ध यांमुळे जवळजवळ पंधरा वर्षे घरबांधणी रखडली होती. युद्ध संपताना देशात सुमारे तीन लाख घरांची तूट असल्याचा सरकारी अंदाज होता. सैनिक परतले, लग्ने झाली, मुले जन्मली. १९४५ मध्ये स्वतंत्र स्थलांतर खाते स्थापन झाले आणि युरोपातून जहाजे भरभरून माणसे येऊ लागली. १९४७ मध्ये सुमारे ५३ टक्के घरांत मालक स्वतः राहत होते. १९६६ पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. एका पिढीत झालेला एवढा मोठा बदल त्या देशाच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल.

परंतु ही घरे बांधली कोणी? विटा, सिमेंट, लाकूड, कारागीर यांची प्रचंड टंचाई होती. त्यामुळे असंख्य कुटुंबांनी शहराच्या कडेला पाव एकराचा, म्हणजे साधारण हजार चौरस मीटरचा प्लॉट घेतला आणि घर स्वतःच्या हातांनी बांधले. प्रथम मागच्या बाजूला एक गॅरेज किंवा शेड उभी राही. नवराबायको, मुले, चूल, बिछाने सगळे त्यातच. शनिवार-रविवारी भिंत चढे. पैसे संपले की काम थांबे. गॅरेजमध्ये काही महिने काढायचे ठरवून आलेली कुटुंबे कित्येकदा वर्षानुवर्षे तेथेच राहत.

या घरांचे आवडते साहित्य म्हणजे ‘फायब्रो’ : सिमेंट आणि अॅस्बेस्टॉस यांचे पातळ पत्रे. स्वस्त, हलके, हातकरवतीने कापता येणारे. शनिवारी दुपारी बाप पत्रे कापतो आहे, मुले त्या भुकटीत खेळत आहेत, असे त्या काळी कोणाही घरी घडत असे. ती भुकटी फुप्फुसांत किती दशके दबा धरून बसू शकते हे त्या बापाला कोणी सांगितले नव्हते. अॅस्बेस्टॉसवर ऑस्ट्रेलियात संपूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ रोजी. तोवर ती घरे उभी होतीच, आणि त्यांपैकी अनेक आजही आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. घर आले, पण बाकीचे का आले नाही?

याचे कारण जमीन विकण्याच्या पद्धतीत होते. खाजगी विकासक शेत विकत घेई, त्याचे तुकडे पाडी, खुंट्या रोवी आणि प्लॉट विकून मोकळा होई. पक्का रस्ता, गटार, मैलावाहिनी करून देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते, किंवा अगदीच तुटपुंजे होते. ते काम स्थानिक कौन्सिल आणि पाणी मंडळाचे. कौन्सिलचे उत्पन्न घरपट्टीवर, आणि घरे तर नुकतीच होत होती. मोठ्या कामांसाठी कर्ज काढावे, तर सार्वजनिक कर्जांवर केंद्र आणि राज्ये यांच्या ‘लोन कौन्सिल’चे नियंत्रण. धरणे, वीज, रेल्वे, शाळा असे सारेच त्या मर्यादित पैशासाठी रांगेत उभे. मैलावाहिनी जमिनीखाली असते. तिचे उद्घाटन थाटात होत नाही. ती रांगेत मागे राहिली.

परिणामी समृद्धीच्या या युगातच लक्षावधी लोक सेप्टिक टँक किंवा त्याहून जुन्या व्यवस्थेवर दिवस काढत होते. परसातल्या छोट्या खोलीत बैठकीखाली पत्र्याचा डबा; आठवड्यातून एकदा माणूस येई, भरलेला डबा खांद्यावर घेई आणि रिकामा ठेवून जाई. नाताळात त्याच्यासाठी बिअरची बाटली ठेवण्याची प्रथा होती. (मराठी वाचकाला येथे ठेच लागणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे मैला वाहण्याचा इतिहास जातीपासून वेगळा करता येत नाही. तेथे ते कौन्सिलच्या कंत्राटदाराकडचे पगारी काम होते. कष्टाचे, थट्टेचा विषय झालेले, पण जन्माने गळ्यात पडलेले नव्हे.) ब्रिस्बेनमध्ये १९६१ ते १९७५ महापौर असलेल्या क्लेम जोन्स यांची कीर्ती आजही मुख्यतः शहरभर मैलावाहिन्या आणि डांबरी रस्ते नेल्याबद्दल आहे.

ही वाट पाहण्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. बापाचा दिवस कारखान्यात किंवा कचेरीत जाई. मोटार असलीच तर ती त्याच्याबरोबर जाई. मागे उरे ती आई : दोन-तीन लहान मुले, तासाला एखादी बस, कच्चा रस्ता आणि त्यावरून ढकलत न्यायची बाबागाडी. दुकान मैलभर दूर. दारावर येणारे पाववाले आणि दूधवाले ही केवळ सोय नव्हती. काही बायकांचा दिवसभरातला प्रौढ माणसाशी होणारा संवाद तेवढाच असे. नोकरीचा मार्गही अरुंद होता. केंद्र सरकारच्या सेवेत विवाहित स्त्रीला कायम नोकरी करता येऊ लागली ती १९६६ मध्ये. या एकटेपणाला वैद्यकीय नावही मिळाले होते. ‘उपनगरी मज्जाविकृती’ ही संज्ञा १९३८ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ मध्ये वापरली, आणि पुढे ती इंग्रजी बोलणाऱ्या जगभर फिरली. दोष रस्त्याचा, निदान मात्र बाईच्या मनाचे!

आणि तरीही या वसाहतींना गावपण आणले ते बहुतांशी याच बायकांनी. जवळपास प्रत्येक नव्या वसाहतीत एक ‘प्रोग्रेस असोसिएशन’ निघे. नाव भारदस्त, मागण्या साध्या : सार्वजनिक टेलिफोन, पदपथ, पथदिवे, बसची एक जादा फेरी. बालवाडी हवी असेल तर केक विकून, जत्रा भरवून पैसे जमवायचे, इमारत रविवारी श्रमदानाने उभी करायची आणि मग सरकारकडे शिक्षिकेसाठी अर्ज करायचा. हे श्रम कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. म्हणूनच ‘सरकारने शहर वसवले’ किंवा ‘बाजाराने वसवले’ ही दोन्ही वाक्ये मला अपुरी वाटतात.

नियोजनपूर्वक वसवलेली ठिकाणेही होती. ॲडलेडच्या उत्तरेला १६ नोव्हेंबर १९५५ रोजी उद्घाटन झालेले एलिझाबेथ हे त्यांतले नामांकित. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हाउसिंग ट्रस्टने शाळा, दुकाने, बागा आणि उद्योग यांचा एकत्र विचार करून ते आखले. अवघ्या १० पौंड भाड्यात जहाजाने आलेली हजारो ब्रिटिश कुटुंबे तेथे उतरली आणि होल्डनच्या मोटार कारखान्यात रुजू झाली. गायक जिमी बार्न्स ग्लासगोहून आलेल्या अशाच कुटुंबातला. त्याच्या आत्मकथनात या नियोजित शहराच्या भिंतींआडचे दारिद्र्य, दारू आणि मारहाणही आहे. नकाशा चांगला असला म्हणजे घरातले सारे चांगले असतेच असे नाही. तो कारखाना २० ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाला.

याउलट सिडनीच्या नैर्ऋत्येची ग्रीन व्हॅली. १९६०च्या दशकाच्या आरंभी न्यू साउथ वेल्सच्या हाउसिंग कमिशनने लिव्हरपूलजवळ काही वर्षांतच हजारो घरे उभी केली. मिलर, बझ्बी, सॅडलियर, हेकेनबर्ग ही त्यातली उपनगरे. उतारूंनी भरलेली आगगाडी रिकामी व्हावी तशी तरुण कुटुंबे तेथे ओतली गेली. मुले अगणित; दवाखाने, करमणूक, जवळपासची नोकरी मात्र अत्यल्प. वृत्तपत्रांनी लवकरच ‘समस्याग्रस्त वसाहत’ असा शिक्का मारला. पुढे पश्चिमेला माउंट ड्रुइटमध्ये याच नमुन्यावर वसाहत झाली. घरे १९६०च्या दशकात आली; रुग्णालय उघडले १९८२ मध्ये. मधल्या काळात जन्मलेले मूल तोवर शाळा संपवण्याच्या वयाला आले होते.

बुद्धिजीवी वर्गाला यातले काय दिसले? मुख्यतः कुरूपता. वास्तुरचनाकार रॉबिन बॉइड यांचे ‘द ऑस्ट्रेलियन अग्लिनेस’ १९६० मध्ये आले आणि उपनगरांच्या बाह्य सजावटीवर तुटून पडले. गंमत अशी, की हेच बॉइड त्याआधी मेलबर्नच्या ‘एज’ वृत्तपत्राच्या ‘स्मॉल होम्स सर्व्हिस’चे संचालक होते आणि सामान्य कुटुंबांना पाच पौंडांत चांगल्या घराचा आराखडा पुरवत होते. म्हणजे त्यांची टीका तुच्छतेतून नव्हे, अपेक्षाभंगातून आली. त्यांच्या अनुकरणकर्त्यांबद्दल मात्र असे म्हणवत नाही. १९७० मध्ये ह्यू स्ट्रेटन यांनी ‘आयडियाज फॉर ऑस्ट्रेलियन सिटीज’ मध्ये उलट बाजू मांडली : अंगण असलेले घर ही सामान्य माणसाला मिळालेली खरीखुरी स्वायत्तता आहे, मुलांना, छंदांना, भाजीच्या वाफ्यांना जागा देणारी. दोष घरात नाही, घराभोवतीच्या उणिवांत आहे. मी स्ट्रेटन यांच्या बाजूची आहे.

हा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला तो गॉफ व्हिटलम यांनी. १९५७ पासून ते सिडनीच्या पश्चिमेला कॅब्रामाटात राहत होते. मतदारांच्या परसातली दुर्गंधी त्यांना अहवालातून कळण्याची गरज नव्हती. नोव्हेंबर १९७२ मधील त्यांचे प्रसिद्ध प्रचारभाषण राजधानीत नव्हे, तर ब्लॅकटाउन या उपनगरात झाले. सत्तेवर येताच नगर व प्रादेशिक विकासाचे स्वतंत्र खाते टॉम युरेन यांच्याकडे देण्यात आले आणि मैलावाहिन्यांसाठी केंद्राचा पैसा प्रथमच मोठ्या प्रमाणावर वाहू लागला. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी सरकार बरखास्त झाले आणि ही योजनाही पुढे आटली. तथापि उपनगरातील गटार हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे एकदा मान्य झाले ते झालेच.

याच सुमारास नियमही बदलले. प्लॉट विकण्यापूर्वी रस्ता, पाणी, मैलावाहिनी विकासकाने द्यावी, असे बंधन हळूहळू आले. उत्तम झाले, पण तो खर्च प्लॉटच्या किमतीत चढला. पूर्वीचे कुटुंब स्वस्त जमीन घेऊन सोयींची किंमत वेळेने आणि अंगमेहनतीने फेडत असे. आजचे कुटुंब तीच किंमत पहिल्या दिवसापासून तीस वर्षांच्या गृहकर्जाने फेडते. आणि वाट पाहणे संपलेले नाहीच. फक्त ज्याची वाट पाहायची ती वस्तू बदलली आहे.

मेलबर्नच्या पश्चिमेचा विंडहॅम परिसर पाहा. २००६ मध्ये तेथील लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार होती. २०२१ मध्ये सुमारे २ लाख ९२ हजार. एका काळी गवताळ माळ असलेल्या टार्नीट, ट्रुगनिना या भागांत आज इंग्रजीच्या खालोखाल पंजाबी, हिंदी, तेलुगू ऐकू येते आणि पुण्यामुंबईकडची मराठी कुटुंबेही आहेत. ‘डिस्प्ले व्हिलेज’ मधले नमुनाघर पाहायचे, जमीन आणि घर यांचे एकत्र पॅकेज घ्यायचे. कराराच्या अटींत दर्शनी भागाची रचना, कुंपण, अंगणातली झाडे किती दिवसांत लावायची हेही लिहिलेले असते. प्लॉट पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. घर मात्र जगातल्या सर्वांत प्रशस्त घरांपैकी, नव्या घरांची सरासरी सुमारे २३० चौरस मीटर. परसाला जागा उरतच नाही. छपराला छप्पर भिडते, झाडे कोवळी असतात, छपरे गडद असतात. सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश तापमान नोंदले गेले, त्याची धग याच नव्या वसाहतींनी सोसली.

येथे गटार आहे, डांबरी रस्ता आहे, इंटरनेट आहे. पण वसाहतीतून बाहेर पडणारा रस्ता एकपदरी, आणि सकाळी त्यावर मोटारींची न हलणारी रांग. शाळा उघडते तीच भरलेली. मैदानावर तात्पुरत्या वर्गखोल्या येतात. टार्नीटला रेल्वे स्थानक आले ते जून २०१५ मध्ये, आणि तेथे धावतात त्या शहरी विजेच्या गाड्या नव्हेत, तर दूरच्या प्रदेशांसाठीच्या डिझेल गाड्या.

आणि दिवसा घरात कोण असते? आता नवराबायको दोघेही नोकरीला जातात. हप्ता एका पगारात भागत नाही. दुपारी त्या मोठ्या घरात नातवंडे सांभाळण्यासाठी काही महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा असतात. गाडी चालवता येत नाही, बस क्वचित, दुकान चालत जाण्याच्या पल्ल्याबाहेर, शेजाऱ्याची भाषा अनोळखी. १९५५ मधल्या त्या बाबागाडीवाल्या आईची जागा सत्तर वर्षांनी भारतातून आलेल्या आजीने घेतली आहे. ऊन उतरल्यावर कृत्रिम तळ्याकाठच्या बाकांवर अशा आज्या जमतात. पुढे त्यातूनच ज्येष्ठांचे गट निघतात, कौन्सिलच्या सभागृहासाठी अर्ज करतात आणि बसची एक जादा फेरी मागतात.