घरबसल्या संगणक शिक्षण : शिकवणार कोण आणि परीक्षा घेणार कोण?

थ्रेड

३ नोव्हेंबर २०१७. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने देशभरातील हजारो नोकरदार अभियंत्यांच्या पदव्या एका दिवसात टांगणीला लागल्या. चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. त्यासाठी लागणारी तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्यांच्याकडे नव्हती. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यानंतरच्यांच्या रद्द. कित्येकांनी याच पदवीवर बढती घेतली होती, कित्येकांचे संसार तिच्यावर उभे होते.

या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना पुस्तके पाहिली असतील, शुल्क पाहिले असेल, जाहिरातही पाहिली असेल. प्रमाणपत्राला किंमत देणारा कोण, हा प्रश्न मात्र सुटून गेला. आयटीतील नोकरीसाठी घरी बसून संगणकाचा अभ्यासक्रम करू पाहणाऱ्यासमोर आजही हाच प्रश्न असतो, आणि तो संगणकापेक्षा बराच जुना आहे.

१८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्यांसाठी खुल्या केल्या. कुठेही शिका, कसेही शिका. परीक्षेला या, उत्तीर्ण व्हा, पदवी घ्या. त्याच लंडनच्या नमुन्यावर एक वर्ष आधी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. प्रारंभी तेही शिकवीत नसे; महाविद्यालये शिकवीत आणि विद्यापीठ परीक्षा घेई. शिकवणारा आणि पारखणारा यांच्यातील हे अंतर पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाचे आहे.

आता पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींकडे जाऊ. १८८५ च्या कायद्याने तेथील खाणींच्या फोरमनना परीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले. दिवसभर जमिनीखाली राबणाऱ्या माणसाने अभ्यास करायचा कधी? थॉमस फॉस्टर हा स्क्रँटनचा संपादक आपल्या नियतकालिकात खाणकामगारांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. त्यातूनच १८९१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याचीच पुढे ‘इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स’ झाली. धडा टपालाने जाई, उत्तरपत्रिका टपालाने येई. परंतु फोरमनचा परवाना फॉस्टर देत नसे; ती परीक्षा सरकारी होती. धडा कच्चा असता तर परीक्षेत उघडा पडला असता.

धंदा वाढला तसे विषयही वाढले, आणि बहुतेक नव्या विषयांना अशी बाहेरची परीक्षा नव्हती. या क्षेत्रात विक्रेते दारोदार फिरू लागले. कमिशन मिळे ते नावनोंदणीवर, अभ्यास पुरा होण्यावर नव्हे. उलट मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्यावर खर्च कमी आणि भरलेले शुल्क शाबूत! १९७२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सरकारी खर्चाने असे अभ्यासक्रम घेणाऱ्या माजी सैनिकांवर अहवाल दिला. बहुसंख्य सैनिक अभ्यासक्रम पूर्ण करीत नाहीत, हे त्याच्या शीर्षकातच होते.

संगणकाचे शिक्षण याच बाजारात उतरले. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रोग्रॅमरांची चणचण होती आणि ‘संगणकाचे उज्ज्वल भवितव्य’ विकणाऱ्या खासगी शाळा जागोजाग निघाल्या. काहींकडे तर संगणकच नव्हता. शेवटी अशा शाळांच्या विद्यार्थ्यांना दारातूनच परत पाठवणारे मालकही निघाले. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, या व्यवसायातील संघटनेने स्वतःची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. पारखणारा पुन्हा वेगळा झाला.

दुसरी अडचण यंत्राची. खाणीतील वायुवीजन कागदावर समजावता येते, कारण वाचणारा रोज खाणीतच उतरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो चालवून, चुकवून, पुन्हा चालवून पाहावा लागतो. १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेणाऱ्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हे लवकर ओळखले. त्याने अभ्यासकेंद्रांत टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेली टर्मिनले बसवली. १९८० च्या दशकात तर ‘हेक्टर’ नावाचा छोटा संगणकच विद्यार्थ्यांच्या घरी धाडला. तो घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचा.

भारतात हे दोन्ही धडे १९९० च्या आसपास एकत्र आले. शहराशहरांत खासगी संगणक वर्ग फोफावले होते आणि प्रत्येकाचा डिप्लोमा निराळा. कोणाचा खरा हे मालकाने कसे ओळखावे? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तंत्रशिक्षण परिषदेच्या साथीने १९९० मध्ये ‘डोएक’ योजना आणली : ओ, ए, बी, सी असे चार स्तर, शिकवणारी संस्था कोणतीही, परीक्षा मात्र देशभर एकच. कामाचा अनुभव असणाऱ्याला वर्ग न लावता थेट परीक्षेस बसण्याचीही वाट होती. घरी शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद लंडनच्या १८५८ च्या निर्णयाची थेट वारस म्हणावी लागेल.

१९८५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इग्नूने यंत्राचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. पुस्तके घरी येत. तात्त्विक विषयांच्या सत्रांना हजेरी ऐच्छिक असे. संगणक पदवीच्या प्रयोगशाळा-सत्रांना मात्र ७० टक्के हजेरी सक्तीची. गावाकडून केंद्र असलेल्या शहरापर्यंत एसटीने खेटे घालणे अनेकांना जाचक वाटले असणार, पण ‘दूरस्थ’ शिक्षणातला हाच भाग दूरस्थ ठेवता येत नव्हता.

महाराष्ट्रातील एमएस-सीआयटी हा घरबसल्या करायचा अभ्यासक्रम नव्हे, तो केंद्रावर जाऊन करायचा. तरी त्याची रचना पाहण्याजोगी आहे. २००१ पासून एमकेसीएलच्या केंद्रांचे जाळे तो शिकवते आणि अंतिम परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते ते राज्य तंत्रशिक्षण मंडळ. गल्लीतल्या वर्गाचा कागद शासकीय भरतीत चालतो तो या मंडळाच्या शिक्क्यामुळे.

२०१७ चा निकाल या पार्श्वभूमीवर वाचला की त्यातील तपशील बोलका होतो. न्यायालयाने २००१ ते २००५ च्या विद्यार्थ्यांना एक वाट ठेवली : तंत्रशिक्षण परिषदेने त्यांची चाचणी घ्यावी, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. संधी जास्तीत जास्त दोन. ज्यांना परीक्षा द्यायची नव्हती, त्यांना विद्यापीठांनी भरलेले सर्व शुल्क परत करायचे होते. गेलेली वर्षे परत करण्याची सोय कोणत्याही निकालात नसते. पहिली चाचणी जून २०१८ मध्ये झाली. पदवी हातात पडून दहा-बारा वर्षे लोटलेली माणसे, नोकरीतून रजा काढून, पुन्हा परीक्षेला बसली.