पादऱ्याला पावट्याचं निमित्त

मंडळी, हसायचं ते आत्ताच हसून घ्या, विषय खरोखर पादण्याचाच आहे.

सांगलीत तत्त्वज्ञान शिकवताना कार्यकारणभावासाठी मी हीच म्हण घ्यायचो. न्यायदर्शनात घड्याचं समवायी कारण माती, निमित्त कारण कुंभार. मग पावटा कोण? कडधान्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. म्हणजे पावटा ही माती झाली, कुंभार जिवाणू! निमित्त म्हणून उगाच बदनाम झाला बिचारा. (वास या वायूंचा नव्हे बरं का; तो अगदी थोड्या गंधकयुक्त वायूंचा.)

माझं लहानपण सातारा जिल्ह्यात, कोरेगावकडे, वाघ्या घेवड्याच्या मुलखात गेलं. आजी घेवडा रात्री भिजवायची, सकाळी ते पाणी ओतून द्यायची, फोडणीत हिंग टाकायची. त्या पाण्याबरोबर या शर्कराही थोड्या निघून जातात. तरी जेवणानंतर आजोबा ओसरीवर खुशाल मोकळे व्हायचे आणि वर म्हणायचे, "घेवडा बाधला." तोच घेवडा खाऊन नुकतीच नांदायला आलेली काकू माजघरात पोट धरून बसायची. एकदा पंगतीत वाढताना चुकून आवाज झाला. वर्षभर टोमणे खाल्ले तिनं. तिला घेवड्याचं निमित्त कुणी दिलं नाही.

१९९१ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या टॉमलिन, लोइस आणि रीड यांनी पाच बायका आणि पाच पुरुषांचा दिवसभराचा वायू मोजला. नेहमीच्या जेवणात २०० ग्रॅम बेक्ड बीन्सची भर होती. वायू भरला माणशी ४७६ ते १४९१ मिलिलिटर. बायका-पुरुषांत फरक नाही! तंतूविरहित आहारावरही साधारण २०० मिलिलिटर उरलाच. पावटा नसला तरी पादरा आहेच. म्हण बरोबर निघाली.

आणि वाग्भट? 'अष्टांगहृदया'त अडवू नयेत असे तेरा वेग सांगितलेत, त्यात पहिला वाताचा. अडवला तर गुल्म, उदावर्त, पोटदुखी. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीनं या ग्रंथावर टीका लिहिली. म्हणजे आपल्याकडे हे वाचलं जात होतं, फक्त माजघरापर्यंत पोचलं नाही.

काकू आता नव्वदीला आलीय. गेल्या दिवाळीत तिला हे आकडे वाचून दाखवले. म्हणाली, "मामंजी होते तेव्हा सांगायचंस की रे."