खाणींच्या सांडपाण्याचे सौरशोधन : एक विचार

खाणींचे दूषित पाणी सूर्यप्रकाशाने शुद्ध करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सांगताना पुष्कळदा लास सालिनास येथील यंत्रणेपासून आरंभ करण्यात येतो. हे ठिकाण आज उत्तर चिलीत, आटाकामाच्या वाळवंटात मोडते; १८७२ साली चार्ल्स विल्सन ह्या अभियंत्याने तेथे यंत्रणा उभारली, तेव्हा तो प्रदेश बोलिव्हियाचा होता. काळ्या तळाची ६४ उथळ लाकडी कुंडे आणि त्यांवर उतरत्या काचा, एवढीच तिची रचना. उन्हाने झालेली वाफ काचेच्या आतील बाजूस निवे आणि थेंबांच्या रूपाने कडेच्या पन्हळीत उतरे. सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेखालून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळत असे.

परंतु कुंडांत पडणारे पाणी मूळचे कोठले? जोसाया हार्डिंग ह्यांनी १८८३ साली दिलेल्या वर्णनात ते विहिरींचे, शेकडा १४ क्षार असलेले पाणी आहे आणि गोडे पाणी सोरा वाहणाऱ्या जनावरांसाठी आहे. पुढील काळातील काही लेखनात मात्र तेच पाणी सोऱ्याच्या खाणीचे सांडपाणी ठरले. समकालीन साक्ष अधिक ग्राह्य मानल्यास ह्या यंत्रणेला खाणीच्या सांडपाण्याच्या शोधनाचा आरंभबिंदू म्हणणे धाडसाचे होईल.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न 'शुद्ध करणे' ह्या क्रियापदाचा आहे. लास सालिनास येथे पाणी क्षारांपासून वेगळे झाले. क्षार नष्ट झाले नाहीत, ते कुंडांतच उरले. ह्याला वियोजन म्हणावे. विघटनाची प्रक्रिया निराळी. सोने काढण्यासाठी सायनाइडचा वापर १८८७ नंतर रूढ झाला आणि खाणींच्या सांडपाण्यात हे विष मिसळू लागले. १९७७ साली फ्रँक आणि बार्ड ह्यांनी प्रकाश व टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी ह्यांच्या योगाने सायनाइडचे ऑक्सिडीकरण होते, असे दाखविले. येथे रेणूच बदलतो. मात्र ही भुकटी सूर्यप्रकाशातील अल्पसा जंबुपार भागच वापरू शकते. शिवाय शिसे किंवा आर्सेनिक ही मूलद्रव्येच असल्याने त्यांचे विघटन संभवत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोहाशी दृढपणे बांधले गेलेले सायनाइड तुलनेने निरुपद्रवी असते. परंतु ऊन लागताच त्याचे बंध तुटतात आणि विषारी सायनाइड मोकळे होते. म्हणजे तोच सूर्य एके ठिकाणी विषाचा नाश करतो, तर दुसऱ्या ठिकाणी ते निर्माण करतो.

म्हणून अशा प्रत्येक प्रयोगाचा इतिहास लिहिताना 'पाणी शुद्ध झाले' एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. त्यातून काय वेगळे झाले, काय बदलले आणि उरलेला गाळ वा क्षार कोणाच्या भूमीवर पडून राहिला, हे तिन्ही प्रश्न विचारल्यावाचून शुद्धीचा दावा अपुराच राहतो.