पेटलेली बॅटरी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

सन २००७ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट आहे. स्वातंत्र्याला साठ वर्षें पुरीं होण्याच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १४ ऑगस्टला, फिनलंडांतील नोकिया कंपनीनें असें जाहीर केलें कीं, बीएल-५सी ह्या नांवाच्या आपल्या बॅटऱ्यांपैकीं सुमारें ४ कोटि ६० लाख बॅटऱ्या चार्ज होतांना अति तापण्याचा संभव आहे, आणि ज्यांच्याजवळ त्या असतील त्यांना त्या फुकट बदलून मिळतील. दूरचित्रवाणीनें ही बातमी घरोघर पोंचविली, आणि आमच्या कोल्हापुरांत दोन-तीन दिवस ज्याच्या त्याच्या हातांत मोबाईल उलटा धरलेला दिसूं लागला. पाठीचें झांकण काढून आंतील बॅटरीवरचीं बारीक अक्षरें लोक दिव्याखालीं धरून वाचीत होते. आमच्याकडे दूध घालणारे मामा त्या सकाळीं किटली खालीं ठेवून म्हणाले, "सर, तेवढा नंबर बघा की. पोरगं म्हनतंय, खिशात बाँब हाय." सव्वीस अक्षरांचा तो क्रमांक आम्हीं चष्मा लावून वाचला, कंपनीनें सांगितलेल्या रीतीनें तपासला, आणि बॅटरी निर्दोष असल्याचें मामांना सांगितलें. त्यांनीं फोन खिशांत ठेवला, पुन्हां बाहेर काढला आणि विचारिलें, "पर सर, ह्यो नंबर लिवनारा मानूस कोन?"

त्या प्रश्नाला आम्हांस तेव्हां उत्तर देतां आलें नाहीं. पुढें सन २०१६ मध्यें आणि पुन्हां सन २०२२ मध्यें तोच प्रश्न निराळ्या वेषानें समोर येऊन उभा राहिला. विकलेला माल सदोष आहे असें स्वतः कबूल करून तो परत बोलावणें, ही व्यापाराच्या इतिहासांतील अगदीं अलीकडची चाल आहे. तिनें विश्वास राहतो कसा आणि जातो कसा, एवढ्याच मुद्द्याचा येथें विचार करावयाचा आहे.

आमच्या गांवच्या जुन्या बाजाराला मामांचा प्रश्न ठाऊक नव्हता. शाहू छत्रपतींनीं सन १८९५ मध्यें शाहूपुरीची पेठ वसविली आणि तेथें गुळाचा व्यापार भरभराटीस आला. शेतकरी गाडींतून रवे आणी, अडत्याच्या दुकानीं सौदा होई, आणि घेणारा व्यापारी रव्याचा रंग पाही, तुकडा मोडून जिभेवर ठेवी. हा बाजार कांहीं सत्ययुगांतला होता असें आमचें म्हणणें नाहीं. वजनांत मारणारे आणि वाईट मालावर चांगल्याचा थर देणारे सर्वच बाजारांत असतात, तसे ते येथेंहि असतील. परंतु मालाचा दोष डोळ्यांना आणि जिभेला कळण्याजोगा असे, आणि दोष निघाल्यास जाब कोणाला विचारावयाचा हें ठाऊक असे. दुकान त्याच जागीं, त्याच नांवानें, फार तर मुलाच्या हातीं गेलेलें असे. विश्वासाला चेहरा होता.

बॅटरीची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट आहे. सन १९९१ मध्यें जपानच्या सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणिली. हलकी, पुन्हां पुन्हां चार्ज होणारी आणि थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठविणारी अशी ही बॅटरी नसती, तर आजचा मोबाईल खिशांत मावलाच नसता. तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें योग्यच होय. तिची रचना ऐकावयास सोपी आहे. धन आणि ऋण अशा दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्यें केसाहूनहि पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा, आणि ह्या सर्वांना भिजवून ठेवणारा एक ज्वालाग्राही द्रव. पडदा कोठें फाटला तर दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि उष्णता उत्पन्न होते. त्या उष्णतेनें आंतील रसायनें आणखी उष्णता सोडतात, आणि पाहतां पाहतां बॅटरी पेट घेते. अशा असंख्य बॅटऱ्या जगभर रोज निमूटपणें आपलें काम करीत असतात. पण त्यांतली सदोष कोणती आणि निर्दोष कोणती, हें बाहेरून कोणालाहि सांगतां येत नाहीं. गुळाचा तुकडा मोडून पाहतां येतो. बॅटरी मोडून पाहणें म्हणजेच अपघात ओढवून घेणें. म्हणून येथें गिऱ्हाइकाच्या पांच इंद्रियांची जागा एका छापील क्रमांकानें घेतली आहे.

नोकियाच्या बाबतींत तो क्रमांक खरा ठरला. त्या बॅटऱ्या जपानच्या मात्सुशिता कंपनीनें डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ ह्या अवधींत केलेल्या होत्या. बीएल-५सी जातीच्या तीस कोटींहून अधिक बॅटऱ्या निरनिराळ्या कारखान्यांनीं केल्या होत्या; त्यांपैकीं नेमक्या कोणत्या संशयित, हें कंपनीनें आरंभींच सांगितलें. जगभर तापण्याचे सुमारें शंभर प्रकार घडले आणि कोणासहि गंभीर इजा झाल्याची नोंद नाहीं, हेंहि तिनें सांगितलें. भीतीला कुंपण घातलें कीं ती आटोक्यांत राहते. त्या काळीं खेडोपाडीं जो टॉर्चचा लहानसा नोकिया ११०० दिसे, त्यांत हीच बॅटरी असे. तरीहि लोकांनीं तो फोन टाकून दिला नाहीं. पुढें त्या कंपनीचा मोबाईलचा बाजार उठला तो स्मार्टफोनांच्या स्पर्धेमुळें. बॅटरीच्या ह्या प्रकरणाचा दोष तिला कोणी दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीचा गॅलॅक्सी नोट-७ हा फोन १९ ऑगस्ट २०१६ रोजीं कांहीं देशांत विक्रीस आला. दोन आठवड्यांच्या आंत तो चार्ज होतांना पेटल्याच्या तक्रारी येऊं लागल्या. २ सप्टेंबरला कंपनीनें पस्तीस प्रकार घडल्याचें मान्य करून सुमारें २५ लाख फोन बदलून देण्याचें जाहीर केलें. इतक्या तातडीनें इतकी मोठी कबुली देणें हें धैर्याचें काम होतें, आणि तेवढ्यापुरती तिची वाखाणणी झाली ती अस्थानीं नव्हती. भारतांत हा फोन ११ ऑगस्टला ५९,९०० रुपये किंमतीनें जाहीर झाला होता, पण विक्री सुरू होण्यापूर्वींच थांबली. तथापि फोन आला नाहीं तरी त्याची धास्ती आली. ९ सप्टेंबरला नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयानें हा फोन विमानांत चालू करूं नये, चार्ज करूं नये आणि सामानांत ठेवूं नये असें बजावलें. एका विशिष्ट फोनाचें नांव घेऊन प्रवाशांना ताकीद दिली जाते, हा अनुभव पुष्कळांना नवा होता.

खरी चूक झाली ती ह्याच्यानंतर. दोष एका कारखान्याच्या बॅटरींत आहे असें कंपनीनें ठरविलें आणि दुसऱ्या कारखान्याच्या बॅटऱ्या घालून नवे फोन वांटले. हे फोन ओळखूं यावेत म्हणून त्यांच्या पडद्यावर बॅटरीचें चिन्ह हिरव्या रंगाचें केलें. हिरवें चिन्ह म्हणजे अभय. परंतु ५ ऑक्टोबरला अमेरिकेंतील लुइव्हिल येथें उड्डाणापूर्वीं एका विमानांत असाच एक बदलून दिलेला फोन धुमसूं लागला आणि सर्व प्रवाशांना खालीं उतरवावें लागलें. अशा आणखीहि बातम्या आल्या. ११ ऑक्टोबरला कंपनीनें तो फोन कायमचा बंद केला. बाजारांत येऊन त्याला दोन महिनेहि झाले नव्हते. त्या तिमाहींत कंपनीच्या मोबाईल विभागाचा नफा आदल्या वर्षाच्या तुलनेनें सुमारें ९६ टक्क्यांनीं घसरला.

पहिल्या आगीनें लोक घाबरले, पण रागावले नाहींत. यंत्र आहे, बिघडावयाचेंच, एवढी समजूत सामान्य माणसाजवळ असते. दुसऱ्या आगीनें मात्र ते रागावले. कारण आतां फोनाबरोबर शब्दहि पेटला होता. मूळ कारण शोधून काढण्यापूर्वींच कंपनीनें तें सांपडल्याचा निर्वाळा दिला, आणि तो निर्वाळा हिरव्या चिन्हाच्या रूपानें लोकांच्या खिशांत घातला. आमच्या घरांतलें साधें उदाहरण घ्या. मुलाला ताप कशानें आला तें कळत नाहीं, असें सांगणाऱ्या डॉक्टरवर आपण चिडतों, पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच्याकडेच जातों. काळजीचें कारण नाहीं असें ठणकावून सांगणाऱ्याच्या हातून मूल अत्यवस्थ झालें, तर त्या दवाखान्याची पायरी आपण पुन्हां चढत नाहीं.

म्हणून सॅमसंगनें पुढें जें केलें तें अधिक मोलाचें आहे. तिनें सुमारें सातशें तंत्रज्ञ बसविले आणि दोन लाख फोन व तीस हजार बॅटऱ्या तपासल्या. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थांनाहि तपासावयास लाविलें, आणि २३ जानेवारी २०१७ रोजीं निष्कर्ष जगापुढें मांडला. पहिल्या कारखान्याच्या बॅटरींत एका कोपऱ्याशीं ऋण पट्टी वांकत होती. दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरींत सांध्याच्या जागीं धातूचे बारीक कंगोरे राहिले होते आणि ते पडद्याला भोंक पाडीत होते. म्हणजे दोन कारखाने आणि दोन अगदीं वेगळे दोष. सप्टेंबरांतलें निदान खोटें नव्हतें. तें अपुरें होतें, आणि अपुरेपणाची कबुली त्यांत नव्हती. ह्यानंतर कंपनीनें बॅटरीसाठीं आठ प्रकारच्या कसोट्या ठरविल्या. जुलै २०१७ मध्यें तोच फोन थोडी लहान बॅटरी घालून कोरियांत पुन्हां विकला गेला आणि लोकांनीं तो घेतला. गेलेला विश्वास परत येतो, पण कारण पुरतें उघड केल्यावरच येतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. बॅटरी फोनांतून निघून दुचाकींत आली आणि तिच्यामागून आगहि आली. २६ मार्च २०२२ रोजीं पुण्याच्या लोहगांव भागांत ओला कंपनीची एक उभी विजेची स्कूटर भर रस्त्यांत जळाली. तिचें चित्रण घरोघरच्या फोनांवर पाहिलें गेलें. ९ एप्रिलला नाशिकजवळ कारखान्यांतून निघालेल्या गाडींतल्या वीस स्कूटरी जळाल्या. इतर प्रांतांत माणसेंहि दगावलीं. १६ एप्रिलला ओकिनावा कंपनीनें ३,२१५ स्कूटरी तपासणीसाठीं परत बोलाविल्या. २१ एप्रिलला रस्ते-वाहतूक मंत्री नितीन गडकरी ह्यांनीं हयगय करणाऱ्या कंपन्यांना दंड करण्याचा आणि माल परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा इशारा दिला. २४ एप्रिलला ओलानें १,४४१ स्कूटरी बोलाविल्या, पण पुण्याची घटना प्रथमदर्शनीं एकटीदुकटी दिसते असें सांगितलें. चौकशी तेव्हां चालूच होती. चौकशी संपण्यापूर्वीं दिलेला दिलासा वाचून आम्हांस ते हिरवें चिन्ह आठवलें.

ह्या प्रकरणांत सरकारला बोलावें लागलें, ह्याची पाळेंमुळेंहि आमच्या प्रांतांत आहेत. सन १९७४ मध्यें बिंदुमाधव जोशी ह्यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हां गिऱ्हाइकाला हक्क असतात ही कल्पनाच पुष्कळांना नवलाची वाटत होती. सन १९८६ मध्यें ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. सन २०१९ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलांत आला. धोकादायक माल परत बोलाविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यानें एका केंद्रीय प्राधिकरणाला दिला. मोटारगाड्यांपुरती अशीच तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. स्कूटरींच्या आगींनंतर बॅटरीच्या चांचण्यांचे नियमहि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें कडक झाले. जो जाब पूर्वीं अडत्याच्या ओट्यावर विचारला जाई, तो आतां आयोगापुढें विचारतां येतो.

परंतु कायद्याचा हात ज्याच्यापाशीं पावती आहे त्याच्यापर्यंतच सहज पोंचतो. जुना फोन हातोहात घेणारा, रस्त्यावर स्वस्तांतली बॅटरी बदलून घेणारा, इंग्रजी अक्षरें न वाचतां येणारा, ह्यांना माल परत बोलाविल्याचें कळतच नाहीं. सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या वस्तूंचे क्रमांक आणि पावत्या जपाव्यातच. पण फोन जुना झाला कीं तो घरच्या कामवाल्या बाईंना देऊन टाकतांना, त्याच्याबद्दल कांहीं सूचना निघाली आहे काय, हें एकदां पाहण्याचें कष्टहि घ्यावेत. धोका दान करणें हें औदार्य नव्हे.

मामा आतां दूध घालीत नाहींत. त्यांचा मुलगा घालतो आणि पैसे फोनावरच घेतो. मामांच्या प्रश्नाला आज आम्ही एवढें उत्तर देऊं: मामा, नंबर लिहिणारा माणूस तुम्हांला कधींच दिसणार नाहीं. पण त्याचा माल बिघडतो तेव्हां तो जें बोलतो, तोच त्याचा चेहरा. कळलें नाहीं तेव्हां 'कळलें नाहीं' असें तो म्हणाला, तर नंबरावर विसंबावयास हरकत नाहीं.