वस्त्रगाळ हवा

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट एका पतंगाची आहे. दिव्यावर झेपावतो तो पतंग. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेमध्ये तो अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं की, खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होतीच, म्हणून तर तो विनोद होता. ते पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हार्वर्डच्या त्या गटातल्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे अनेक वर्षं रंगवून सांगत. त्यांच्या सांगण्यातला एक तपशील मात्र पुढच्या लोकांनी गाळून टाकला. दिवस उकाड्याचे होते, एसी नव्हता आणि खिडक्या उघड्या होत्या.

कोडिंगच्या पहिल्या तासाला ही गोष्ट सॉफ्टवेअरची म्हणून सांगतात. मला ती खिडकीची वाटते. यंत्र तापतं, म्हणून त्याला हवा हवी. हवा घ्यायची तर तिच्यासोबत बाहेरचं जगही आत येतं. आज कॅबिनेटच्या पंख्यावर कुठली जाळी लावावी, काळी नायलॉनची की फोमची, तारेचं ग्रिल की पत्र्याचं, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्यापुढे त्या खिडकीचाच प्रश्न असतो. तो आपल्या टेबलापर्यंत कसा आला, याचा हा इतिहास.

मार्क टूच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, फिलाडेल्फियात एनिअॅक जगापुढे आला. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब आणि १५० किलोवॅट वीज. इतकी वीज खाणारं यंत्र म्हणजे एका अर्थी खोलीएवढा हीटरच, त्यामुळे त्याला मोठे ब्लोअर लावावेच लागले. त्यानंतरच्या मोठ्या संगणकांनी मात्र वेगळी वाट धरली. यंत्राच्या अंगावर जाळी बांधण्यापेक्षा यंत्राभोवती स्वच्छ खोलीच बांधायची. थंड, कोरडी, गाळलेली हवा देण्याची विद्या तयार होती. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली होती. छापखान्यातल्या कागदासाठी निघालेली ही सोय पुढे संगणकाच्या कामी आली. फिल्टर एसीच्या यंत्रात असे, धूळ दाराबाहेर अडे आणि आतल्या यंत्राला तिची फारशी ओळखच नसे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली रीतसर सुरू झाला. पुढच्या दशकांत बँका, कारखाने, विद्यापीठं यांच्याकडे संगणक आले, तशी त्यांची एसी खोलीही आली आणि खोलीबरोबर एक खास देशी नियम आला: चपला बाहेर काढा. मी इंजिनिअरिंगला होतो तोवर लॅबमधली यंत्रं साधी पीसी होती, खिडक्या सताड उघड्या असायच्या, तरी दाराशी चपलांचा ढीग असायचाच. मेनफ्रेम गेली, देवघराचा नियम उरला. हसू येतं, पण त्या नियमामागे एक खरी भीती होती.

ती भीती डिस्कची. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक आणला, तेव्हा त्याच्या हार्ड डिस्कचं वाचणारं टोक तबकडीपासून साधारण २० मायक्रॉनवर तरंगत असे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एक केस, एक जाडसर कणही तिथे डोंगरासारखा. पुढे हे अंतर कमी कमी होत गेलं. १९७३ साली आयबीएमचं ‘विंचेस्टर’ या टोपणनावाचं ३३४० मॉडेल आलं, तोवर ते अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास पोचलं होतं. इथे सिगारेटच्या धुराचा कणही आडवा येऊ शकतो. त्यावर उपाय निघाला तो असा: तबकडी आणि टोक दोन्ही एकाच बंद डब्यात घालायचे. आजही बहुतेक जुन्या हार्ड डिस्कवर एक बारीक छिद्र दिसतं आणि ते झाकू नका अशी सूचना असते. आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं आणि त्याच्या आत बोटाच्या नखाहून लहान फिल्टर असतो.

इथे दोन वाटा फुटल्या. ज्याला बंद डब्यात जगता येत होतं, ते बंद झालं आणि धुळीतून सुटलं. प्रोसेसरला ही सवलत नव्हती. त्याची उष्णता बाहेर काढायलाच हवी होती आणि ती काढायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे समोरची हवा.

मग संगणक खोलीतून उठून घरातल्या टेबलावर आला. १९७७ चा अॅपल टू पंख्याशिवाय चालायचा. स्टीव्ह जॉब्सना पंख्याचा आवाज नको होता आणि रॉड हॉल्ट यांनी त्यासाठी कमी तापणारा वीजपुरवठा बनवून दिला. तोच हट्ट १९८० च्या अॅपल थ्रीमध्ये महागात पडला. तापून आतल्या चिप जागेवरून सैल व्हायच्या. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही पंखा नव्हता. १९८७ च्या मॅक एसईमध्ये तो शेवटी बसवावा लागला.

आयबीएमने १९८१ च्या पीसीत पंखा पहिल्यापासून दिला, तो वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो त्यात. हा पंखा आतली हवा बाहेर फेकायचा. यंत्र लहान होतं, वीजपुरवठा जेमतेम ६३.५ वॅटचा आणि ८०८८ प्रोसेसरवर पंखा सोडाच, धातूची साधी पट्टीही नव्हती. पण बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा एक गुण आहे. आतली हवा काढली की आतला दाब किंचित उतरतो आणि मग जिथे फट आहे तिथून हवा आत घुसते: पुढच्या जाळीतून, कव्हरच्या सांध्यांतून, फ्लॉपीच्या तोंडातून. दहा दारं असलेल्या घरात फिल्टर कुठल्या दाराला लावणार? मेनफ्रेमच्या खोलीतला फिल्टर मागेच राहिला. ज्या स्वच्छ एसी ऑफिसात पीसी बसेल असं गृहीत होतं, तिथे त्याची उणीव भासलीही नाही.

१९९३ साली पेंटियम आला आणि प्रोसेसरवर धातूचा कंगवा आणि पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. १९९५ साली इंटेलने कॅबिनेट आणि मदरबोर्डसाठी एटीएक्स हे मानक मांडलं. त्याच्या पहिल्या आराखड्यात एसएमपीएसचा पंखा उलटा होता. बाहेरची हवा आत ओढायची आणि थेट प्रोसेसरवर सोडायची. यात दाबाचं गणितही उलटतं. आत हवा जास्त, म्हणून फटींमधून ती बाहेर पडते. येण्याचं दार एकच, म्हणजे एकच फिल्टर पुरे. पण एसएमपीएसमधून येताना हवा आधीच तापायची आणि तीच गरम हवा प्रोसेसरच्या वाट्याला यायची. प्रोसेसर तापट होत गेले, तशी ही युक्ती मागे पडली आणि पंखा पुन्हा बाहेर फेकू लागला. २००४ सालचे पेंटियम फोर तर शंभर वॅटच्या घरात गेले. एका पंख्याचं काम उरलं नाही. पुढे पंखे, मागे पंखे, वर पंखे.

ही हवा किती, ते मोजून पाहा. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा कागदावर मिनिटाला साधारण ५० घनफूट हवा ढकलतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट. चोवीस मिनिटांत तुमच्या अख्ख्या खोलीएवढी हवा त्या डब्यातून जाऊन येते: पलंगावरची चादर झटकलेली, फोडणीचा तेलकट धूर मिसळलेली, शेजारच्या बांधकामाची सिमेंटची भुकटी असलेली. तेलाचा अंश असला की धूळ पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात तिच्यात सुताचे तंतू असतात आणि त्यांची चक्क घोंगडी विणली जाते.

फिल्टर परत आणला तो घरी कॅबिनेट जुळवणाऱ्या हौशी लोकांनी. १९९८ साली सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर पळवण्याची लाट आली. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता, म्हणून जास्त हवा. या लोकांच्या लक्षात आलं की, पंख्यासमोर कंपनीने पत्र्यातच पाडलेल्या भोकांमुळे निम्मी वाट पत्राच अडवतोय. त्यांनी कात्री आणि ड्रेमेल घेऊन तो पत्रा कापून काढला आणि तिथे गोल तारांचं ग्रिल बसवलं. हवा मोकळी झाली, आवाज उतरला. पण वाट मोकळी झाल्यावर धूळही मोकळी आत येऊ लागली. मग कुणी पंख्यावर बायकांचे जुने नायलॉनचे स्टॉकिंग ताणून बांधले, कुणी फोमचा तुकडा कापून लावला.

स्टॉकिंगची ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. उटणं किंवा औषधी चूर्ण वस्त्रगाळ करायचं म्हणजे हेच. आणि घरात रव्याची चाळण वेगळी, मैद्याची वेगळी का, हे ज्याला कळतं त्याला फिल्टरची निवडही कळते. चाळणीत मोजायचं असतं ते भोक आणि तार यांचं प्रमाण. भोक ०.३ मिलिमीटर आणि तार ०.१ मिलिमीटर असेल, तर जाळीचा ५६ टक्के भाग हवेला मोकळा राहतो. भोक ०.१ आणि तारही ०.१ असेल, तर फक्त २५ टक्के. जास्त बारीक धूळ अडवायची हौस लगेच हवेच्या हिशेबात वजा होते. रुग्णालयांत वापरतात तो हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण त्यातून हवा ढकलायला लागणारा दाब कॅबिनेटच्या पंख्याच्या अनेक पट असतो. तो लावला तर पंखा नुसता फिरत राहील.

म्हणून दुकानात पंख्याच्या खोक्यावरचे दोन आकडे एकत्र वाचावेत. हवेचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. दाबाचा आकडा वाट पूर्ण बंद असतानाचा असतो. तुमची जाळी या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभी असते. जाळीमागे दाब जास्त असलेला पंखा घ्यावा. जाळी पंख्याहून मोठी घ्यावी, कारण दुप्पट क्षेत्रफळातून तीच हवा निम्म्या वेगाने जाते आणि अडथळा उतरतो. जाळी आणि पाती यांच्यात काही मिलिमीटर अंतर ठेवावं, नाहीतर पंखा घुमतो. फिल्टर हवा आत घेणाऱ्या पंख्यांनाच लावावा. बाहेर फेकणाऱ्यांना बोट वाचवण्यापुरतं तारेचं ग्रिल पुरतं. आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. १९९५ च्या आराखड्यातली ही एक गोष्ट अजून कामाची आहे.

कंपन्या हे हौशी लोकांकडून हळूहळू शिकल्या. २००५ च्या अँटेक पी१८० मध्ये धुता येणारा फिल्टर कॅबिनेटसोबतच आला. दक्षिण आफ्रिकेची डेमसिफ्लेक्स ही कंपनी कडेला चुंबक असलेल्या जाळ्या बनवू लागली; ओढली की निघते, धुतली की परत चिकटते. मधल्या काळात पुढून काच लावायची फॅशन आली आणि पंखे पुन्हा गुदमरले. मग फ्रॅक्टल डिझाइनच्या २०१७ च्या मेशिफाय सीसारख्या कॅबिनेटमध्ये पुढचा अख्खा दर्शनी भाग जाळीचा झाला.

लॅपटॉपला मात्र बहुधा आजही फिल्टर नसतो. माझा लॅपटॉप तापून बंद पडायला लागला तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने तो उघडला, आतली धूळ दाखवली आणि विचारलं, “घरात साफसफाई करता ना?” मला त्या प्रश्नाचा राग आला, तो आजही गेलेला नाही. चपला बाहेर काढायला लावणारा काळ निदान मान्य करत होता की धूळ जगात आहे आणि यंत्र नाजूक आहे. आता यंत्र बाजारातून घरात येतं ते कुठेही चालेल असं सांगत, आणि बंद पडलं की घर अस्वच्छ ठरतं. रस्त्याकडेच्या घरात, गिरणीशेजारच्या दुकानात, बांधकामाला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने धूळ निवडलेली नसते. जाळी न देणं ही मात्र कुणीतरी निवडलेली गोष्ट असते.

हे तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याच्यावर आयपी६८ असा शिक्का असला तर त्यातला सहाचा आकडा सांगतो की आत धूळ शिरत नाही. फोनने हार्ड डिस्कची वाट धरली. बंद डबा, पंखा नाही; फार तापला तर काम मंद करायचं. ते जमतं, कारण फोनवरचं बरंचसं जड काम दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये होतं. फेसबुकने २०११ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात प्राइनव्हिलला असं एक केंद्र उघडलं. तिथे नेहमीचा एसी नाही. बाहेरची हवा आत घेतात, फिल्टरच्या अख्ख्या भिंतीतून गाळतात, पाण्याच्या तुषारांनी थंड करतात आणि सर्व्हरवरून सोडतात. म्हणजे यंत्राभोवती पुन्हा खोली आली आणि खोलीच्या भिंतीत फिल्टरही आला. तिथल्या भिंती बदलायला पगारी माणसं आहेत. आपल्या कॅबिनेटची जाळी आपणच काढायची. ती उजेडाकडे धरून पाहायची, पलीकडचं दिसत नसेल तर नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची.