ओले लाकूड आणि दोन युद्धनौका

१/ इ. स. १८१० मध्ये इंग्लंडमधील डेप्टफर्ड येथे ‘क्वीन शार्लट’ ही शंभरहून अधिक तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. दोनच वर्षांनी, १८१२ मध्ये, तिच्या लाकडावर माजलेली बुरशी तपासण्यासाठी ब्रिटिश नौदलाला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला पाचारण करावे लागले. शत्रूशी गाठ पडण्याआधीच जहाज आतून कुजू लागले होते.

२/ १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ मात्र आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. पहिली मुख्यतः ओकची, दुसरी सागाची. हा फरक मोठाच. परंतु त्याच्या जोडीला एक जुना प्रश्न उभा आहे, जो प्रत्येक सुताराला पडतो: नुकत्याच तोडलेल्या लाकडातील पाणी बाहेर काढायचे कसे?

३/ ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते, तर काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी निघून गेले तरी लाकडाचा आकार फारसा बदलत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरले, की भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते.

४/ हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे ते मध्यम असते आणि वर्षवलयांच्या घेराच्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे ओंडक्याचा घेर आतल्या लाकडापेक्षा अधिक आवळू पाहतो. तो ताण सहन झाला नाही, की सालीपासून गाभ्याकडे चीर जाते.

५/ त्यात भर पडते वाळण्याच्या असमान वेगाची. पृष्ठभाग आधी सुकून आकसतो, आतला भाग अजून फुगलेलाच असतो. ओंडक्याची कापलेली टोके तर सर्वांत लवकर सुकतात, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या सर्व नळ्या तिथेच उघड्या पडतात. म्हणूनच पहिल्या भेगा बहुधा टोकांना दिसतात.

६/ पेच असा: घाईने वाळवले तर लाकूड फाटते आणि न वाळवता कोंदट जागी बसवले तर कुजते. सुटका एकच, आणि ती म्हणजे संथपणा. युरोपातील कारागिरांचा ठोकताळा इंचभर जाडीला एक वर्ष असा होता. फळ्यांची थप्पी सावलीत रचायची, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या ठेवून वाऱ्याला वाट द्यायची आणि टोकांना मेण किंवा रंग फासायचा.

७/ जपानी सुतारांनी वेगळी युक्ती योजली. खांबाच्या जी बाजू भिंतीत दडणार, तिच्यावर ते आधीच गाभ्यापर्यंत एक उभी खाच पाडत. लाकूड आकसले की ती खाच रुंदावते आणि दर्शनी बाजू शाबूत राहते. भेग टाळता येत नसेल तर तिची जागा आपण ठरवावी, असा हा विचार होता.

८/ नौदलाला मात्र थांबणे परवडत नसे. १७७१ मध्ये लॉर्ड सँडविच ब्रिटिश नौदलाचा प्रमुख झाला, तेव्हा गोद्यांतील लाकडाची कोठारे जवळपास रिती होती. तीन वर्षे पुरेल इतका साठा करून लाकूड मुरू द्यायचे, असे धोरण त्याने आखले. युद्ध पेटले की मात्र जहाजांची मागणी वाढे आणि कच्चे लाकूडही वापरले जाई. ‘क्वीन शार्लट’ ही नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळातलीच नौका होती.

९/ त्याच काळात ओकचा तुटवडा भासू लागला आणि लंडनची नजर मुंबईकडे वळली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले होते. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे सागाची जहाजे बांधली. ‘ट्रिंकोमाली’ जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. त्यांनीच बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मध्ये पाण्यात उतरली आणि १८४२ चा नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. ती मोडीत निघाली थेट १९५७ मध्ये.

१०/ साग ओकपेक्षा बराच कमी आकसतो आणि त्यातील तैलद्रव्ये त्याला कुजण्यापासून राखतात. शिवाय मलबार व ब्रह्मदेशच्या जंगलांत त्याला वाळवण्याची एक खास रीत होती. झाड तोडण्यापूर्वी बुंध्याभोवती खोल कडे कोरून साल आणि त्याखालचे रसवाहक लाकूड कापले जाई. याला ‘गर्डलिंग’ म्हणतात.

११/ कडे पुरते कापले गेले, की मुळांकडून येणारे पाणी तुटते. पाने उरलेला ओलावा ओढून घेतात आणि झाड उभ्या उभ्या मरते. मग ते दोन-तीन वर्षे तसेच ठेवले जाई. या काळात खोडावर सालीचे पांघरूण असते, भोवती जंगलाची सावली असते आणि कापलेले उघडे टोक नसते. भेगांना निमंत्रण देणारी मुख्य गोष्टच इथे टळते.

१२/ यात आणखी एक व्यवहार होता. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. जंगलातून समुद्राकडे नेणारा स्वस्त रस्ता म्हणजे नदी. म्हणून वाळवणे ही वाहतुकीचीही अट होती. जोखीमही होतीच: झाड फार काळ उभे राहिले तर किडीचे व वणव्याचे भय असे.

१३/ या लाकडाची किंमत जंगलानेही मोजली. सागाच्या पुरवठ्यासाठी कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला मलबारात वनरक्षक नेमले. सागावर मक्तेदारी आली, स्थानिकांच्या मालकीची झाडेही तिच्या कक्षेत ओढली गेली. असंतोष इतका वाढला की १८२३ च्या सुमारास ते पदच रद्द करावे लागले.

१४/ याच्या सुमारे शतकभर आधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमारी लाकडाचा विचार केला होता. सागादी वृक्ष परवानगीने तोडावेत. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे दीर्घकाळ लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. झाड वाढायला लागणारा काळ हाही कुणाचा तरी असतो, हे त्या राजनीतीला ठाऊक होते.

१५/ विसाव्या शतकात या जुन्या अनुभवाला मोजमाप मिळाले. पेशींच्या भिंती कोणत्या टप्प्यावर पाणी सोडू लागतात, हे १९०६ मध्ये अमेरिकेतील हॅरी टीमन यांनी मांडले. पुढे वाळवणीच्या भट्ट्या आल्या आणि वर्षांचे काम आठवड्यांवर आले. तरीही या भट्टीत लाकूड वाळवताना हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. पृष्ठभागाने गाभ्याच्या पुढे धावू नये, हा नियम यंत्रालाही मोडता आलेला नाही.